कामशेतपासून पुन्हा

माझ्या पहिल्या शंभर किलोमीटरांबद्दल कुणी विचारलं की त्याला पवनेच्या पाण्यावरचं ऊन ऐकायचं असतं. मी त्याला टेम्पोबद्दल सांगते. सांगताना माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. बघू दे.

हिवाळ्यातला रविवार होता. तळेगावातून निघायचं, जुन्या हायवेनं लोणावळा गाठायचं, तिथून दुधिवरे खिंड चढून पवनानगरला उतरायचं, मग कामशेत, कान्हे फाटा, टाकव्याचा रस्ता आणि आंबीवरून परत तळेगाव. असा वळसा घातला की शंभर होतात. पुण्याच्या एका सायकल ग्रुपबरोबर मी निघाले होते. त्यांचा नियम एकच. सगळं अंतर आपल्या पायांनी कापायचं. मध्ये कुठल्याही गाडीत पाय ठेवला की राइड संपली. मला हा नियम फार आवडला होता. चाळिशी उलटून गेलेल्या, एका दवाखान्याच्या कचेरीत बसणाऱ्या बाईच्या आयुष्यात अशी किती कामं असतात, ज्यांत मध्येच कुणी हात घालत नाही? स्वयंपाकातसुद्धा सासूबाई मीठ टाकून जातात. हे शंभर मला अख्खे हवे होते, कुणाचा हात न लागलेले. त्यासाठी दोन वर्षं पहाटे उठून सायकल मारली होती.

राग कामशेतला आला असं नाही. तो सकाळपासूनच गोळा होत होता. वडगावच्या पुढं ग्रुपमधला एक गृहस्थ माझ्या शेजारी आला आणि मी इथलीच आहे म्हटल्यावर म्हणाला, "लकी आहात हो! आम्हाला यायला वीकेंडची वाट बघावी लागते." मी पॅडल मारत राहिले. चढावर श्वास जपून वापरावा लागतो. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची ही रांग. एका गाडीची काच खाली आली आणि आतला चष्मेवाला ओरडला, "आंटी, रिक्षा करून देऊ का?" गाडीभर हसू. पुढं खिंड चढून मी एकटी पडले. बाकीचे तरणेबांड, ते केव्हाच पुढं गेले होते. उतारावर पवना दिसेल म्हणून मान वर केली, तर दिसल्या त्या बंगल्यांच्या भिंती. लहानपणी जिथून पाणी दिसायचं तिथं आता गेट आहे, गेटवर कॅमेरा आहे आणि "कुत्र्यापासून सावध" आहे. पाणी भिंतीच्या पलीकडं असावं, अशी आपली समजूत करून घ्यायची.

तरी पाय चालत होते. पवनानगरहून कामशेतला आले तेव्हा मांड्या थरथरत होत्या, पण मला खात्री पटली होती की आता होतंय. राहिला होता तो ओळखीचा रस्ता. माझं माहेर त्याच रस्त्यावर, टाकव्याच्या अलीकडं. तिथून न थांबता, बेल वाजवत जायचं आणि आंबी गाठायची, असं मी महिनाभर मनात घोकलं होतं.

ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमची बौद्धवस्ती गावाच्या शेवटाला. कान्ह्याकडून आलं की रस्ता आधी चावडीपुढून जातो आणि मग आमच्याकडं. माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. वस्तीतली पहिली सायकल त्यांची. चावडी आली की ते खाली उतरायचे, सायकल हातात धरून चावडी ओलांडायचे आणि पलीकडं जाऊन पुन्हा बसायचे. का, ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. माझे वडील, म्हणजे आबा, तेव्हा लहान. ते मागं कॅरिअरवर बसलेले असायचे, त्यांनाही उतरावं लागायचं. दीक्षा घेतल्यावरही आजोबा काही काळ उतरत राहिले. पाय आपोआप खाली यायचा, असं आबा सांगत. पुढं आबा तळेगावच्या कारखान्यात लागले आणि तीच सायकल मारत शिफ्टला जाऊ लागले. ते चावडीपुढं कधी उतरले नाहीत. पण सायकलवर त्यांचा जीव कधीच नव्हता. स्कूटर घेतली त्या आठवड्यात त्यांनी सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली.

मी आठवीत होते. शाळा लांब. मी म्हटलं, मला द्या, मी शाळेला नेईन. आबा म्हणाले, "घरात स्कूटर आल्यावर पोरगी सायकल मारणार? लोकांनी काय म्हणायचं?" लोकांचं नाव निघालं की आमच्या घरात बोलणं संपत असे. मी शाळा संपेपर्यंत चालत गेले, आणि स्कूटर एक दिवसही मला सोडायला आली नाही.

दोन वर्षांपूर्वी मी ही वाकड्या हँडलची सायकल घेतली तेव्हा आबा बघायला आले. त्यांनी एकदा सायकलकडं बघितलं, एकदा माझ्या नवऱ्याकडं, आणि चहा न घेता उठले. "आमी जे टाकलं ते हिनं उचललं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून सायकलचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवत.

तर कामशेत. नाक्याजवळच्या हॉटेलात मी चहा सांगितला, सायकल बाहेर खांबाला टेकवली आणि मागं तोंड धुवायला गेले. बाहेर येऊन बघते तर खांब आहे, सायकल नाही. मग रस्त्यापलीकडं बघितलं. एका टेम्पोत पेंडीच्या पोत्यांवर माझी सायकल आडवी पडली होती आणि माझे धाकटे चुलते तिला दोरीनं आवळत होते.

"काका! काय करताय?"

"बस पुढं," काका म्हणाले. गाठ मारणं चालूच. "किती दमलीस गं. तोंड बघ कसं झालंय. बस, घरी सोडतो."

"मला घरी नाही जायचं. सायकल खाली काढा."

"व्हय व्हय. काय झालंय ते घरी गेल्यावर सांग. हितं नाक्यावर नको."

"काही झालेलं नाही! मी राइड करतेय. तळेगावहून निघालेय, लोणावळा करून आलेय."

काकांचे हात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जी दया आली ती बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेक सकाळपासून सायकल मारत रानोमाळ फिरतेय, आणि काही झालेलं नाही म्हणतेय! आमच्याकडं लग्न झालेली मुलगी कळवल्याशिवाय, एकटी, माहेरच्या वाटेला लागली की तिचं काय झालं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. तिला कुणी विचारत नाही. तिला आधी गाडीत घालायचं, घरी न्यायचं, गरम जेवू घालायचं आणि मग जावयाला बोलावून घ्यायचं. ही आमची रीत. वाईट नाही. कित्येक पोरी तिच्यामुळं वाचल्यात. पण त्या दिवशी मला वाचायचं नव्हतं.

मी दोरीला हात घातला. गाठ सुटेना. पेंडवाल्या माणसानं बांधलेली गाठ, ती माझ्या घामट बोटांना थोडीच सुटते? भोवती चार माणसं जमली आणि चारही काकांच्या बाजूची. "जा ताई, घरचीच गाडी हाय," एक म्हणाला. काकांनी टेम्पो सुरू केला. सायकल निघाली. काय करते? बसले. मुकी बिचारी, कुणीही हाका! पाय फूटबोर्डवर ठेवला त्या क्षणी माझी राइड संपली, आणि हे त्या अख्ख्या नाक्यावर फक्त मला माहीत होतं.

गाडी चालवता चालवता काकांनी माझ्या नवऱ्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. "जावईबापू, पोरगी आमच्याकडं हाय, काळजी करू नका." माझा नवरा भला माणूस, पण त्याला कुठं काय बोलावं ते कधीच सुचलेलं नाही. तो म्हणाला, "हो का? पहाटेच गेलीय ती. मी अडवून ती थांबणार आहे का?" काकांनी फोन ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कान्हे फाटा गेला. जो रस्ता मी मनात इतक्या वेळा चालवला होता, तो पेंडीच्या वासात, बसल्या बसल्या सरकत होता. मला रडू आलं, ते काकांनी बघितलं, आणि त्यांची खात्रीच पटली.

घरी अंगणात माणसं. काकूनं तांब्याभर पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. शेजारच्या मावशी माझ्या घट्ट पँटीकडं बघून नजर वळवत होत्या. आबा खुर्चीत होते. ऐंशीला टेकलेत, पण पाठ ताठ.

"मारलं का त्यानं?" आबांनी विचारलं.

"कुणी मारलं नाही."

"मग घरात काय कमी पडलं? गाडी हाय तुमची. गाडी आसताना सायकल मारत गावोगाव हिंडायचं म्हंजी काय? लोक..."

"लोकांचं नाव घेऊ नका आबा!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी त्या अंगणात कधीच बोलले नव्हते. "आजपर्यंत लोकांनी मला एक दिवस शाळेत सोडलं नाही. लोकांनी माझी सायकल भंगारात घातली. मला कुणी विचारलं का, की बाई तुला काय हवंय? तेव्हा नाही विचारलं, आज नाक्यावर नाही विचारलं. शंभर किलोमीटर होत आले होते माझे. माझे! ते तुम्ही पेंडीच्या पोत्यावर टाकून आणलेत."

"आगं, मी आपला मदतीला..." काका म्हणाले.

"मला मदत नको होती. मला रस्ता हवा होता."

मावशी हळूच म्हणाल्या, "डोकं फिरलंय बिचारीचं. जेवण वाढा आधी." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी काकू आतून तांदळाची पिशवी घेऊन आली. माहेरवाशीण रिकाम्या हातानं कशी जाईल? पिशवी बांधायला तिनं सायकलीला कॅरिअर शोधलं आणि ते नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग ही सायकल कसली गं?"

मी टेम्पोतून कोयता घेतला आणि दोरी कापली. सायकल उतरवली. चेन बसवली, हात काळे झाले, ते पँटीला पुसले.

"कुटं चाललीस?" आबा.

"कामशेतला. जिथून उचललीत तिथं. आणि तिथून परत ह्याच रस्त्यानं येणार, चावडीपुढून, आणि आंबीला जाणार. मध्ये कुणी आडवं येऊ दे, मी उतरणार नाही."

आबा माझ्याकडं बघत राहिले. टीव्ही नव्हता तिथं, आवाज वाढवायला.

ग्रुपच्या हिशोबात ती राइड बाद होती आणि बादच राहिली, त्याचं मला काही नाही. माझा मला नियम होता. कामशेतपर्यंत उलटं गेले. मांड्या पेटल्या होत्या, वारा समोरून होता आणि मी मोठ्यानं शिव्या देत होते. काकांना, लोणावळ्यातल्या चष्मेवाल्याला, भिंतींना, त्या लकी म्हणणाऱ्याला. रस्त्यात एक म्हातारा बैल घेऊन चालला होता, तो घाबरून कडेला झाला. हॉटेलपाशी पोचले, तोच खांब गाठला, हात लावला आणि सायकल वळवली. चहावाल्यानं विचारलं, "ताई, मगाचा चहा?" मी तशीच पुढं निघाले. त्याची चूक नव्हती, पण त्या वेळी माझ्याजवळ चांगला शब्द शिल्लक नव्हता.

गावात शिरले तेव्हा ऊन कललं होतं. चावडीच्या जागी आता ग्रामपंचायतीची इमारत आहे, पार मात्र तोच. पारावर नेहमीची मंडळी. आणि रस्त्यात काकांचा टेम्पो आडवा, बाजूला काका दोन्ही हात पसरून. "आता बास झालं, उतर!" ते लांबूनच ओरडले. पारावरचं कुणीतरी म्हणालं, "आगं उतर बाई, एवढी माणसं सांगत्यात." टेम्पो आणि पार यांच्यामध्ये जेमतेम वाट होती आणि तिथं काका उभे. मी वेग कमी केला. पाय खरंच खाली यायला लागला होता.

तेवढ्यात टेम्पोच्या मागून आबा पुढं आले. वस्तीपासून तिथवर काठी टेकत चालत आले होते. त्यांनी काठी काकांच्या छातीला लावली. "सर बाजूला." काका सरेनात, तशी काठी दाबली. "सर म्हणतो ना! कुणी हाकलली न्हाई तिला. माझी पोरगी हाय, तिच्या मर्जीनं चाललीय."

मग माझ्याकडं वळून, पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "उतरू नको!"

मी उतरले नाही. आबांच्या इतक्या जवळून गेले की त्यांच्या सदऱ्याला माझा कोपर लागला. चावडी मागं पडली, वस्ती मागं पडली. आंबीच्या कारखान्यांपाशी ट्रकांनी तोंडात धूळ घातली, आणि तळेगावात शिरताना दिवे लागले होते. शंभर केव्हाच होऊन गेले होते.

राग गेला का, असं नवऱ्यानं विचारलं. नाही गेला. काकांवरचा जाईल, त्यांनी दुसऱ्या दिवशी तांदळाची पिशवी टेम्पोतून घरी आणून दिली. आबांवरचा जायचा नाही. त्यांच्याजवळ हे दोन शब्द होते, तर मी आठवीत असताना ते कुठं ठेवले होते?