उपाशी हत्ती

धारूरला लग्नघराच्या भिंती रंगवणारा एक माणूस होता. चित्र काढताना तो चित्राशीच बोलायचा. लोक म्हणत, कलावंताचं डोकंच वेगळं. मला तो नुसता कामचुकार वाटायचा.

माझ्या लेकीच्या लग्नात वऱ्हाड वेशीत आलं, तरी दारावरच्या हत्तीला डोळे नव्हते. आंधळा हत्ती म्हणजे अपशकुन. विहीणबाई दारातूनच परतल्या असत्या.

“अवो, डोळे रंगवा की!”

“कसे रंगवू, अक्का? हत्ती लई उपाशी हाय. डोळे उघडले की मांडवाचे डहाळे खाईल.”

वाद घालायला वेळ नव्हता. मी भिंतीपाशी कडब्याची पेंढी टाकली. त्यानं लगेच डोळे रंगवले.

तेवढ्यात नवरदेवाच्या घोड्यानं पेंढीला तोंड लावलं.

“धरा त्याला!” सगळ्या वऱ्हाडादेखत मी ओरडले. “हत्तीचं हाय ते!”