छताला न टेकणाऱ्या भिंती

आमच्या घराला गिलावा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण येणारा प्रत्येक माणूस दारात चप्पल काढता काढता तेच विचारतो, काम कधी पुरं व्हायचं? मी म्हणते, झालंय पुरं. मग तो माझ्याकडे असा बघतो, की या बाईच्या घरात काहीतरी अडचण दिसतेय, पण बिचारी बोलत नाही. माझ्या नणंदेनं तर राहुरीहून एक गवंडीच धाडून दिला होता. भला माणूस, थापी घेऊन आला, सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, चहा प्यायला आणि म्हणाला, कुठनं धरू? त्याला वाटेला लावता लावता माझ्या नाकी नऊ आले.

घर माझ्या लेकीनं बांधलं. ती आर्किटेक्ट. पुण्यात एका मोठ्या ऑफिसात होती आणि तिथं बसून ती लोकांच्या टॉवरच्या नकाशातले संडास काढायची. हॉल, बाल्कनी काढायला वरची माणसं होती, हिच्या वाट्याला कायम संडास. शेवटी वैतागून नोकरी सोडली आणि म्हणाली, पहिलं घर तुमचंच बांधते. तिच्या वडलांनी मान हलवली. ते कशालाही मान हलवतात.

मला काय हवं होतं? चार खोल्या, सामानाला माळा, पुढं पोर्च आणि बाहेरून छान पिस्ता कलर. तिनं काय दिलं? उघड्या काँक्रीटच्या भिंती, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ तसेच. मी म्हटलं, हे तरी घासून काढ गं. म्हणाली, आई, तीच तर शोभा आहे. घ्या! घराच्या मधोमध चौक, त्याच्या डोक्यावर उंच काच, वाऱ्याच्या बाजूला विटांची जाळी. आणि कळस म्हणजे आतल्या भिंती छताला टेकूच दिल्या नाहीत. वर हातभर मोकळं. गरम हवा तिथून वर निघून जाते आणि घरभर वारा फिरत राहतो, असं तिचं शास्त्र.

वारा फिरतो, खोटं कशाला बोलू. पण त्याच वाटेनं बोलणंही फिरतं. आमचे हे बाहेरच्या खोलीत खाकरले तरी मला ओट्यापाशी कळतं. पाहुण्यांच्या पाठीमागं चार शब्द बोलायची सोय राहिली नाही, आणि चार शब्द बोलता येत नाहीत तर पाहुणे येऊन उपयोग काय? आम्हा नवरा-बायकोला भांडायचं झालं तर गोठ्यात जातो. गायी बिचाऱ्या रवंथ करत ऐकून घेतात.

तर झालं असं, की गावातल्या शाळेला नवे वर्ग बांधायचे होते. आहे ती शाळा पत्र्याची. मार्च लागला की पोरं आत भाजून निघतात, मग मास्तर वर्ग उचलून लिंबाखाली नेतात. लेकीनं आपणहून आराखडा काढून दिला होता. काम मिळालं तर ती इथंच राहणार, संगमनेरला एखादा गाळा बघून ऑफिस टाकणार. नाही मिळालं तर पुण्याच्या त्याच ऑफिसानं परत बोलावलं होतं, सोमवारपासून. बॅग अर्धी भरून कॉटखाली ठेवलेली मी झाडताना बघितली होती. बघून न बघितल्यासारखं केलं, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता माझा. एकुलती एक पोर, इतक्या वर्षांनी घरी आली होती.

रविवारी भर दुपारी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक घर बघायला आले. अध्यक्ष आमच्या ह्यांचे जुने दोस्त. ऊन असं, की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. अध्यक्षांनी आत पाऊल टाकलं, टोपी काढली, आणि मान वर करून सगळ्या भिंती हुडकायला लागले. एसी कुठं लपवलाय, असं त्यांना विचारायचं होतं. ह्यांनी न विचारताच सांगितलं, एसी नाही. मग ते खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, “वहिनी, लई गार हाय की घर. पोरीनं नाव काढलं.”

आता अशा वेळी आपल्यात काय म्हणतात? आपल्या लेकराचं आपण कौतुक करायचं नसतं. दृष्ट लागते, शिवाय बरंही दिसत नाही. पुरणपोळी कितीही झकास झाली तरी वाढताना आपण म्हणतो, कशी झालीय कोणास ठाऊक, गोड मानून घ्या. पाहुण्यानं म्हणायचं, नाही हो, फार छान. आपण म्हणायचं, तुमचं आपलं काहीतरीच. अशी चालच आहे. तर मी चालीप्रमाणे म्हटलं, कसलं हो, पोरखेळ आहे सगळा. भिंती बघा, उघड्याबोडक्या. धूळ येते, चिमण्या येतात.

त्यांनी म्हणायला हवं होतं, नाही हो वहिनी. पण तो माणूस म्हणाला, “व्हय, ते दिसतंयच.”

मी पुन्हा संधी दिली. म्हटलं, आम्ही घरचे म्हणून चालवून घेतो. त्यावर त्यांनी गंभीर तोंड करून मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापक म्हणाले, आईच असं म्हणतायत म्हटल्यावर आपला नेहमीचाच स्लॅब टाकलेला बरा. लेक जाळीपाशी नकाशाची गुंडाळी घेऊन उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा ठेवते म्हणाले आणि आत पळाले.

माझ्या मागोमाग हे आले. जन्मात आवाज न चढवणारा माणूस, पण म्हणाले, “तोंड आवरता आलं न्हाई तुला? पोरगी चालली आता पुण्याला.”

झालं, माझा बांधच फुटला. गोठा आठवला नाही, भिंत आठवली नाही, काही नाही. म्हटलं, अहो, मी काय मनापासून बोलले का ते? जुन्या घरात भर दिवसा बल्ब लावून तांदूळ निवडायचे मी. लाईट गेली की खड्यांसकट शिजवायचे आणि सगळ्यांची बोलणी खायची. आता इथं बसल्या जागी खडा दिसतो. उन्हाळ्यात डोकं धरून पडायचे, ती यंदा एक गोळी घेतली नाही. दुपारी फरशीला पाठ लावली की वाटतं, माहेरीसुद्धा एवढं सुख नव्हतं. सोन्यासारखं घर केलंय माझ्या लेकीनं! पण चारचौघांत तिच्या तोंडावर म्हणू? नजर लागली म्हणजे? आणि तुमचे ते अध्यक्ष! माणसाला जनाची रीत कळत नाही? एकदा नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा तरी आग्रहानं म्हणावं. स्वतःच्या बेडरूमला एसी बसवलाय आणि पोरांना पत्र्याखाली शेकतायत, ते बरं चालतं.

मग एकदम लक्षात आलं, की बाहेर कोणीच बोलत नाहीये. ह्यांनी हळूच वर बोट दाखवलं. भिंत, आणि तिच्यावरचं ते हातभर मोकळं.

तेवढ्यात तिथूनच अध्यक्षांचा आवाज आला, “वहिनी, चहात साखर कमी टाका. डागदरनं बंद केलीय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणीवर लेकीनं कोटा फरशी बसवलेली, ती कुठली दुभंगते. पदर सावरला, ट्रे उचलला आणि बाहेर गेले. कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मुख्याध्यापक जाळीतून बाहेर फारच लक्ष देऊन काहीतरी बघत होते. अध्यक्षांनी बशीत चहा ओतला, फुंकर घालून प्यायला, आणि मग लेकीला म्हणाले, “आण बाई तो नकाशा. तुझी आई म्हणती ते खरं हाय, पोरं शेकत्यात.”

नकाशा टीपॉयवर उलगडला, कोपऱ्यांवर चहाच्या बश्या ठेवल्या. वर्ग तिनं काढले तसेच बांधायचे ठरले. मुख्याध्यापकांनी एकच दुरुस्ती सुचवली, त्यांच्या ऑफिसची भिंत मात्र छतापर्यंत नेऊन टेकवायची. लेक म्हणाली, तिथं वारा नाही फिरणार सर. ते म्हणाले, चालेल, मी घाम पुसेन.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली. हे गायींना पाणी दाखवायला निघून गेले. मी कप विसळत होते. लेक येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बॅगेचं विचारावं असं फार मनात होतं, पण विचारलं नाही. तिचे डोळे लाल झाले होते.

म्हणाली, “आई, घरात राहायला येऊन वर्ष झालं. मला वाटायचं, तुला हे घर आवडतच नाही.”

म्हटलं, आता ऐकलंस ना सगळं? मग झालं तर.

“ते बाबांना म्हणालीस,” ती म्हणाली. “मला म्हण.”

नळ बंद केला. हात पुसले. खरं सांगते, त्या दोन परक्या पुरुषांसमोर ट्रे घेऊन जाणं सोपं होतं, हे अवघड होतं. तिच्याकडे बघितलं तर सोन्यासारखं वगैरे काही तोंडातून निघेना. एवढंच म्हणाले, “चांगलं केलंस गं घर.” आणि मग आम्ही दोघी रडलो.