दोन जाड तारा

संस्थेत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सव्वीस वर्षं ते समुद्र ऐकत आले होते, म्हणून सगळ्यांनी त्यांना कानसेन करून टाकलं होतं. धक्क्याच्या टोकाला समुद्राचा अभ्यास करणारी ही छोटीशी संस्था, आणि तिच्या तळमजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत कानसेनांचं टेबल. पाण्याखाली सोडलेले माइक रात्रंदिवस आवाज टिपत. कानसेन ते हेडफोन लावून ऐकायचे आणि वहीत लिहायचे: अमुक वाजता जहाज, तमुक वाजता माशांची गुरगुर, कोळंबीची तडतड, डॉल्फिनची शीळ. नवे शास्त्रज्ञ यंत्राशी झटापट करून थकले की त्यांच्याच दारात येत.

"कानसेन, हे काय वाजतंय हो?"

ते डोळे मिटून ऐकत. "बोटीचा पंखा. एक पातं वाकलंय." आणि निघायचंही तसंच.

त्यांची बायको व्हायोलिन शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. बाहेरच्या खोलीत शिकवणी चालू असताना आतून पेपर वाचता वाचता कानसेन ओरडायचे, "सूर चढलाय!" मुलं दचकायची. बाई म्हणायच्या, "तुमच्या माशांना शिकवा काय ते. माझ्या पोरांना सोडा." पण सूर खरंच चढलेला असायचा.

मग काहीतरी बिनसलं. आधी कोळंबीची तडतड विरळ झाली. कानसेनांना वाटलं, कोळंबीच कमी झाली असेल; तसं त्यांनी वहीत लिहिलंही. मग एके दिवशी समोरच्या पडद्यावर डॉल्फिनच्या शिळेची रेघ ठळक उमटली आणि कानात काहीच नाही. त्यांनी हेडफोन बदलला, वायर बदलली. तेव्हा कळलं की बिघाड वायरीत नाही. त्या दिवसापासून ते रेघ बघून शिळा लिहू लागले. दोन वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सोनाराने आपली नजर गेल्याचं गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

संस्थेला पन्नास वर्षं होत आली, तेव्हा संचालकांनी कानसेनांना बोलावलं. "भाषणं ऐकून लोक पेंगतात. तुमच्या घरात वादक आहे. आपल्या समुद्रावरच काही वाजवतील का? एकट्या, अर्धा तास."

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आधी तो समुद्र ऐकू तर द्या मला."

मग बाई रोज दुपारी येऊ लागल्या. शेजारी खुर्ची, दुसरा हेडफोन, मांडीवर वही. "तीस वर्षं संसार केला, आणि नवरा दिवसभर काय ऐकतो ते आज कळतंय," म्हणाल्या. कानसेन पडद्याकडे बघत नावं सांगायचे, बाई त्या आवाजाचे सूर लिहायच्या. पंधरा दिवसांत त्यांचा कान इतका तयार झाला की सांगायच्या आधीच त्या ओळखू लागल्या.

एका दुपारी वायर सैल होऊन पडदा काळा पडला. आवाज मात्र चालू होता.

"अहो, ही बघा आली!" बाई हरखल्या. "किती गोड! डॉल्फिनच ना?"

कानसेनांना नुसती घरघर ऐकू येत होती. "छे गं. जहाज आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "असेल," म्हणाल्या आणि वहीत डोकं घातलं.

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलेली सगळी पानं खणात टाकली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "जमत नव्हतं." कार्यक्रमाला जेमतेम तीन आठवडे उरले होते. एकदा भाजी करपली, एकदा दूध उतू गेलं, आणि कानसेनांनी आठ दिवस मुकाट्याने स्वयंपाक केला.

कार्यक्रम दुपारी चारला होता. संस्थेच्या सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, साठएक माणसं होती. बाई एकट्या उभ्या राहिल्या, गज उचलला आणि सर्वांत जाड तारेवर ठेवला.

कानसेन पहिल्या रांगेत होते. आपल्याला अर्धंमुर्धंच ऐकू येणार, बाई वरचे सूर घ्यायला लागल्या की हसरा चेहरा करून बसायचं, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण बाई वर गेल्याच नाहीत. जहाज आलं आणि गेलं. मासे गुरगुरले. कोळंबी गजाच्या टोकाने तडतडली, पण खालीच. मग शीळ आली, तीच वळणं, तोच शेवटचा झोका, पण इतकी खाली उतरवलेली, की कानसेनांना तिचा कण न् कण ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

अर्धा तास बाईंनी दोन जाड तारांच्या पलीकडे बोट नेलं नाही. कानसेनांनी चष्मा काढला आणि मांडीवर धरून बसले.

टाळ्या ओसरल्यावर संचालक बाईंना म्हणाले, "सुरेख! पण शीळ तर वरची असते ना? खाली का आणलीत?"

"एका माणसापर्यंत पोहोचवायची होती," बाई म्हणाल्या आणि व्हायोलिन पेटीत ठेवू लागल्या.

घरी जाताना धक्क्यावर कानसेन थांबले. "तुला कळलं होतं तर."

"शंका होतीच. दोन वर्षं तुम्ही माझ्या एकाही पोराला ओरडला नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते." त्यांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. "आता लोकांनाही सांगा. तुमच्या वहीवर विसंबून बसलेत ते."

सोमवारी कानसेनांनी संचालकांपुढे दोन वर्षांच्या वह्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. कोळंबी घटल्याचा एक अहवाल याच नोंदींवर गेला होता. तो मागे घ्यावा लागला. संचालक चिडले, बोलले, आणि वाक्य अर्धवट सोडून म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे गेलात का?"

कानसेनांकडे जहाजं आणि मासे राहिले. वरचे आवाज दुसऱ्यांकडे गेले. कानात यंत्र बसलं. त्याने शिळा थोड्या परतल्या, सगळ्या नाहीत. जुन्या नोंदी तपासून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं आणि त्यासाठी रविवारी बाईंना सोबत नेऊ लागले.

"शीळ," बाई म्हणायच्या. "अजून एक. आता कोळंबी." कानसेन लिहायचे. तासाभराने बाईंचा आवाज बंद व्हायचा. कोळंबीची तडतड ऐकता ऐकता बाईंचा डोळा लागलेला असायचा, हेडफोन तसाच कानावर.

कानसेन हळूच आवाज कमी करायचे, आणि त्या उठेपर्यंत वहीवर तारखा घालत बसायचे.