दिव्याकडे बघत राहा

एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागेपर्यंत सलूनवाल्या मामांनी डोळ्यांचं काही मनावर घेतलं नव्हतं. गिऱ्हाईक भला माणूस. कानाला कापूस लावून म्हणाला, "असू द्या मामा, दुसरा आहे अजून!" दुकानात हशा पिकला. मामांना ना हसू आलं, ना ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी कात्री पुसली आणि उरलेले केस कापायला घेतले.

मामी गेल्यापासून हे असंच चाललं होतं. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मामांनी सगळं रीतसर केलं, आल्यागेल्याला बसायला दिलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मामांनी ते ऐकून घेतलं.

कानाचा प्रकार मुलीच्या कानावर गेला. ती ठामपणे म्हणाली, "बाबा, आता तुमचं काही ऐकायचं नाही. मोतीबिंदू काढून टाकायचा."

"काढ," मामा म्हणाले. वाद घालायची तयारी करून आलेल्या तिने लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखान्यात त्यांना हिरवा झगा आणि डोक्याला टोपी घातली. सिस्टरने डोळ्यात थेंब टाकले. आधी चुरचुरलं, मग काहीच नाही. गाल जागेवर, पापणी जागेवर, मधला डोळा मात्र कुणी उसना नेल्यासारखा.

"इंजेक्शन नाही?" मामांनी विचारलं.

"थेंबांवरच भागतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जागेच राहायचं. वर दिवा दिसेल, त्याच्याकडे बघत राहा. डोकं हलवू नका."

जन्मभर मामा हेच गिऱ्हाइकांना सांगत आले होते. ते मुकाट्याने पडून राहिले.

तोंडावर कापड आलं. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा बसला. सिस्टरने त्यांचा हात हातात घेतला. "खोकला आला, दुखलं, तर नुसता दाबा."

सुरी दिसेल ही भीती फुकट गेली. दिसला तो फक्त दिवा. तो हळूहळू विरघळला, गुलाबी झाला, निळा झाला, त्यावरून पाणी वाहत गेलं. यंत्र गुणगुणत होतं. डोळ्यावर कुणीतरी बोट टेकवल्यासारखा भार आला आणि गेला. माणसं आपल्या डोळ्यात हत्यार घालून काम करताहेत, हे मामांना समजत होतं. पण ते शेजारच्या घरात चाललेल्या दुरुस्तीसारखं वाटत होतं.

त्यांनी सिस्टरचा हात दाबला. डॉक्टर थांबले.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही. काहीच दुखत नाही."

"मग?"

"तेच सांगतोय. काहीच नाही."

"मग चांगलंच आहे की! झालंच आता, भिंग बसवतोय." यंत्र पुन्हा सुरू झालं. सिस्टरने हात मात्र सोडला नाही, वरचं कापड काढेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत डोळ्यावरची पट्टी निघाली. भिंत पांढरीशुभ्र होती. मामांना ती इतके दिवस पिवळट वाटत आली होती. मग समोर मुलगी दिसली. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस.

"तू इतकी कधी वाळलीस?"

"झाले की बरेच दिवस," ती पिशवीत औषधं भरत म्हणाली.

घरी आल्यावर तिने भाजी फोडणीला टाकली. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज जेवायला थांब."

तिने वळून पाहिलं. "बाबा, मी रोजच थांबते. तुमच्या शेजारी बसून जेवते."

मामांना आठवेना. त्यांनी आठवून पाहिलं, पण ताटापलीकडचं काहीच हाती लागलं नाही. मग त्यांनी आपला पाट उचलला आणि तिच्या समोर मांडला. जेवता जेवता ते तिच्याकडे बघत होते. जेवणाला चव लागली नाही. तरी तिचा पहिला घास संपताच त्यांनी भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "अजून घे."