लहानूदादाचं बेट

लहानूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होते. भाच्याचा फोन. "आत्या, दादा गेले. राजूरच्या दवाखान्यात पोचायच्या आतच…" मी त्याला काय म्हटलं असेल? "अरे, पण तो मला काहीतरी सांगणार होता," असं म्हणाले मी. आता आठवलं की माझं मलाच कसं तरी होतं. पण खरंच, आदल्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता. आवाज नेहमीसारखा, धावत आल्यासारखा. "सुमे, एक लई भारी आयडिया हाय. फोनवर न्हाई सांगत. तू ये, मग चुलीपाशी बसून सांगतो." ती आयडिया काय होती हे आता कुणालाच माहीत नाही. त्याच्या बायकोला, हिरावहिनीलाही नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांच्या डोक्यात रोज एक निघायची. मी कुठली कुठली ध्यानात ठेवू?"

तो माझा चुलत भाऊ. माझ्या मोठ्या चुलत्याचा थोरला मुलगा. नाव लहानू, पण दारातून आत येताना वाकावं लागायचं एवढा उंच. राजूरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठावर आमची वाडी आहे. दादा शाळा सोडून पुण्याला एका हॉटेलात भांडी घासायला गेला, तिथं स्वैपाक शिकला, आणि एक दिवस त्यानं घरी फोन केला की मला बेटावर नोकरी लागली. एवढंच म्हणाला आणि फोन कट झाला. आता आमच्या जिल्ह्यात बेट म्हटलं की कोपरगावचं बेट, गोदावरीच्या काठाचं. दुसरं बेट म्हणजे बांबूचं, आणि त्यात कोण नोकरी देणार? तेव्हा मोठ्या आईनं, म्हणजे त्याच्या आईनं, सगळ्या वाडीला सांगितलं की लहान्या कोपरगावला हाय. पुढं तिचा भाऊ लग्नाला कोपरगावला निघाला तर तिनं त्याच्याबरोबर नागलीचे लाडू आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. मामानं दिवसभर तिथली हॉटेलं पालथी घातली. परत आला तो घुश्शातच. "लहानू सापडला. पण त्यो केसं कापतो, आन त्याला तू आई म्हनून नकोय."

दादा मालदीवला होता. समुद्रातल्या एका एवढ्याशा बेटावर, परदेशी पाहुण्यांच्या रिसॉर्टमध्ये. पुढच्या फोनला खुलासा झाला तेव्हा मोठ्या आईनं एकच विचारलं, "पानी हाय का तिथं?" तो म्हणाला, "चारी बाजूनं." ती समाधानानं म्हणाली, "चला, मग काळजी न्हाई." कोपरगावची गोष्ट मात्र त्याला तो सुट्टीवर आल्यावर कळली, आणि तो एवढा हसला की हातातल्या भाकरीसकट खाटेवर आडवा झाला.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय अर्थशास्त्र. आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय? दादा सुट्टीवर आला की आमची बैठक जमायची. तो बोलायला लागला की हातानं सगळं दाखवायचा. पाण्यावर लाकडी खांबांवर उभी केलेली घरं, खोलीच्या काचेच्या जमिनीखालून पोहणारे मासे, पाण्यावरच उतरणारं विमान. त्याचा दोस्त होता तिथला, इब्राहिमभाई, मासे पकडणाऱ्याच्या घरातला. त्याचा बाप वल्ही मारत म्हातारा झाला आणि हा आता रिसॉर्टची मोटारबोट चालवत होता. "सुमे, पर्यटन म्हनजे जादू हाय बघ. त्यांच्या गावात दिवं न्हवतं. आता दवाखाना हाय, पोरान्ला शाळंत न्यायला होडी हाय. नुसता समुद्र दाखवून देश उभा राहिला."

आणि मग तो गोणीची गोष्ट सांगायचा. आमच्याकडं सगळ्यांना ती पाठ आहे. रिसॉर्टच्या बेटावर सामानाची बोट यायची आणि ती उतरवून घ्यायला दादाला जावं लागायचं. पीठ बाहेरून, दूध बाहेरून, अंडी बाहेरून, कोथिंबीरसुद्धा विमानानं. एक दिवस बोटीतून कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या उतरल्या आणि एकीच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा तुकडा अडकलेला. त्यावर पेनानं, मराठीत, 'राहुरी'. दादा सांगायचा, "मी गोनीला नाकच लावलं. सगळं हसाय लागलं, म्हनलं हसा. घरचा वास हाय." त्यानं ती गोणी रिकामी झाल्यावर धुतली आणि आपल्या खाटेखाली ठेवून दिली.

पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. ताटात काय काय आपलं, म्हणजे त्या बेटाचं, ते तो बघायला लागला. मासा त्यांचा, नारळ त्यांचा. बाकी सगळं बोटीनं येतंय. म्हणजे पाहुण्यानं दिलेला पैसा बेटावर उतरतो न उतरतो तोच पुन्हा त्याच बोटीत बसून निघतो. त्यानं हे मला आमच्या ओसरीवर सांगितलं आणि मी ताडकन उठले. घरात जाऊन पुस्तक आणलं. "दादा, हे माझ्या पुस्तकात आहे. याला गळती म्हणतात. पर्यटनाचा पैसा देशात टिकत नाही, बाहेर जातो, ती गळती. छोट्या बेटांचंच उदाहरण आहे इथं." त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी त्यानं त्या पानावरून बोट फिरवलं. "घराची गळती म्हाईत हुती. देशाला बी असती व्हय?" मग म्हणाला, "म्हंजी मी येडा न्हाई." मी म्हटलं, "नाही दादा, तू चॅप्टर फोर आहेस." पुढं कित्येक वर्षं तो आपली ओळख तशीच करून द्यायचा. "मी लहानू. हिच्या पुस्तकातला च्याप्टर फोर."

त्या दिवशीचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो. परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नसेल एवढा. मी पाठ करत होते ते माझ्या भावानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तो पाहत होता त्याला माझ्याकडं नाव होतं.

पुढं तिथल्या सरकारनं गावकऱ्यांना आपापल्या घरात पाहुणे ठेवायची मोकळीक दिली. इब्राहिमभाईनं घराला दोन खोल्या काढल्या. बायको रांधायची, तो पाहुण्यांना मासे धरायला न्यायचा. दादा एका सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जेवायला गेला आणि नोकरी सोडायचं ठरवूनच उठला. "त्याचा पैसा त्याच्या घरात ऱ्हातोय, सुमे. आन मी परक्याच्या बेटाची गळती बघत बसलोय."

तो परत आला तेव्हा आमच्याकडं काजव्यांचं वेड नुकतं वाढायला लागलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकतात, ते बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या. धरणाच्या काठावर तंबू लागले. तंबूवाला शेठ शहरातला. तंबू त्याचे, आचारी त्याचा, पाव-अंडी-पनीर टेम्पोतून त्याचंच. आमच्या पोरांना काम काय, तर बॅगा उचलणं. दादा काठावर उभा राहून टेम्पो उतरताना बघत होता. मला म्हणाला, "ही बघ, बोट आली."

शेठला काठाची सगळी जमीन हवी होती. समाजमंदिरात बैठक भरली. दादा उठला आणि म्हणाला, "शेठ, तंबू तुमचं. जागा आमची. आन ताट बी आमचं. पाव्हनं जे खातील ते हितनं घ्यायचं." शेठ चांगला माणूस, पण हसला. "लहानूभाऊ, लोकांना पनीर लागतं." मागून म्हातारा भोरूबाबा म्हणाला, "आरं, पनीर खायाला ते एवढं घाट चढून येत्यात व्हय? तिकडं मिळत न्हाई का?" सगळी बैठक हसली. शेवटी ठरलं, एक रविवार वाडीनं जेवण द्यायचं. जमलं तर ताट वाडीचं, नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले होते. सकाळपासून बायका चुलींना भिडलेल्या. नागलीच्या भाकरी, हुलग्याचं कालवण, वालाची उसळ, गावरान अंड्यांचा रस्सा, आमच्या खाचरातल्या तांदळाचा भात. आणि दादानं काय करावं? बेटावर शिकलेलं सगळं बाहेर काढलं. लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, ओळीनं पातेली, पातेल्यांपुढं माझ्याकडून लिहून घेतलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या. पाहुणे ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. आपापलं वाढून घेताना कुणाला हुलगे काय ते कळेना, कुणी भाकरीचा कोपरा मोडून परत ठेवला. आमच्या बायका भिंतीला टेकून खाली बघत उभ्या. शेठ घड्याळ बघायला लागला. मला वाटलं, गेलं.

तेवढ्यात हिरावहिनी पदर खोचून पुढं आली. सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "पाव्हन्याला कुनी लायनीत उभं करतं का वो? ह्ये काय रेशनचं दुकान हाय?" आणि पातेली उचलायला लावून तिनं ती चादर ओढून काढली आणि जमिनीवर अंथरली. बाकीच्यांनी घरातून सतरंज्या, घोंगड्या आणल्या. पंगत बसली. मग काय विचारता! बायकांची तोंडं सुटली, हात सुटले. "ही अर्धी घ्याच." "आवो, कालवनात कुस्करा, आशी कोरडी नगा खाऊ." "ताई, पोराला अंडं द्या की, लाजतंय ते." पुण्याच्या एक आजी म्हणाल्या की असा आग्रह माझ्या आईनंतर कुणी केला नाही. पाहुणे उठायला तयार नाहीत. शेठनं तिसरी भाकरी मागितली तेव्हा दादा माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होता. रात्रीपर्यंत तो प्रत्येकाला एकच सांगत सुटला, "मी समुद्रापार जाऊन शिकलो ते हिनं एका मिन्टात खाली वढलं." इतका खुशीत, जणू हरण्यातच त्याचं बक्षीस होतं.

तेव्हापासून ताट वाडीचं झालं. घरोघरी कोंबड्या वाढल्या. पडीक खाचरांत पुन्हा नागली लागली. नाशिकला बांधकामावर जाणारी कितीतरी घरं हंगामात इथंच राहायला लागली, आणि दादाची स्वतःची मुलगी आज संगमनेरला कॉलेजात आहे. सगळंच गोड झालं असं मी म्हणणार नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. मोठ्यानं गाणी लावून काजव्यांना पळवणारे आले. दोघांनी काठाची जमीन शहरातल्या माणसाला विकली आणि आता तिथंच वॉचमन आहेत. दादाला ते फार लागलं. "बेटाला भोक पडलं," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेम्पोपुढं जाऊन उभा. कुठलंही सामान उतरलं की त्याचा एकच प्रश्न, "कुठनं आलं?" राजूरच्या बाजारापर्यंत सगळं आपलं, असा त्याचा हिशेब. राजूरचे पेढे आपले. साखर कारखान्याची, पण जिल्ह्यातली, म्हणून चालते. कांदा वर वाडीला नीट होत नाही, तो राहुरीकडचा, तोही चालतो. "त्यो तर माझ्या आधी परदेशी गेल्ता," असं म्हणायचा.

परवा मी वाडीला गेले होते. काजव्यांचा हंगाम तोंडावर आलाय. शेठ भेटायला आला, बराच वेळ बसला, डोळे पुसले. मग अवघडत म्हणाला, "वहिनी, यंदा तुमच्यावर असा प्रसंग. जेवणाचं मी बाहेरून बघतो. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही." तो मनापासून बोलत होता, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. एक हंगाम ताट बाहेरून आलं की ते परत येत नसतं, हे मी वर्गात शिकवते. दारात जमलेल्या बायका वहिनीकडं बघत होत्या. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी उठली. स्वैपाकाच्या शेडच्या दाराला एक खिळा आहे, त्यावर दादानं बेटावरून आणलेली ती लाल जाळीची गोणी टांगलेली असते. तिनं ती काढली, झटकली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"सुमे, उद्या राजूरचा बाजार हाय. कांदं संपल्यात. पंगतीला लागतील." मग शेठकडं वळली. "तुमी जेवूनच जा."

दुसऱ्या दिवशी मी राजूरला बाजारात गेले. कांद्याच्या ढिगापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारून गेले, "कुठनं आलं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो म्हणाला, "राहुरीचा हाय, बाई." गोणी भरताना त्यानं ती उजेडात धरून पाहिली. जाळी दोन ठिकाणी उसवलेली, दादानं सुतळीनं शिवलेली.

"ही झिजली की. नवी देऊ का?"

"नको बाबा," मी म्हटलं. "समुद्र बघून आलेली आहे ती."

म्हाताऱ्यानं गोणीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि वरून आणखी दोन कांदे टाकले.