शिवलेला खिसा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवळात एकटी बसले असतानाही नाही — तिथं खांबाआड कोण कान देऊन बसलेलं असेल, काय सांगावं? हसू आलं ना? येऊ द्या. माझा स्वभावच तसला. आमच्या घरचे म्हणतात, ही बाई प्रसादसुद्धा वास घेऊन खाते. खोटं नाही ते. भाजीवाल्यानं मेथीची जुडी जरा मोठी दिली की मी आधी ती सोडून बघते, आत काय सडकं लपवलंय. तुम्हाला सांगतेय तेही तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर सांगितलं नसतं.

मी अंगणवाडी सेविका आहे. पुसेगावपासून थोडं आत आमचं गाव, आणि गावापासून हाकेच्या अंतरावर तांडा. दोन्हीकडची लेकरं माझ्याकडेच येतात. एक खोली, पुढं पडवी, मागं संडास, मदतीला शांताबाई. खिचडी शिजवायची, गाणी म्हणायची, वजनं करायची, मोबाइलवर फोटो टाकायचे. आमच्या खोलीच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे — ‘आदर्श अंगणवाडी’. येणारा-जाणारा ती वाचतो. मी तिच्याकडे पाठ करून बसते. जागाच तशी आहे, असं मी सांगते.

सुरुवात तिथून नाही. सुरुवात सेनगावच्या प्रशिक्षणातून झाली. एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्या बायांना सांगितलं, गुडघ्यावर या आणि रांगत खोलीभर फिरा. पदर खोचून पन्नाशीच्या बाया रांगतायत — हसून हसून पुरेवाट झाली. मग त्यांनी विचारलं, खालून काय दिसलं? कुणी म्हणालं टेबलाचे पाय, कुणी म्हणालं खिडकीची खालची फळी. तक्ते दिसले का? नाही. पाण्याचा माठ? नाही. मॅडम म्हणाल्या, म्हणजे खोली लेकरांची आणि मांडणी सगळी तुमच्या उंचीची. जे लेकराच्या हाताला लागत नाही, ते त्याला मागावं लागतं. आणि मागत मागत वाढलेलं लेकरू पुढं मागतच राहतं.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, यात डाव आहे. लेकरं सगळं आपलं आपण करायला लागली तर बाई कशाला पाहिजे? आज माठ खाली ठेवा म्हणतात, उद्या बाईलाच खाली बसवतील. पण आमच्या भागातून ‘आदर्श’ म्हणून एक अंगणवाडी निवडायची होती, आणि शेजारच्या गावची सेविका आधीच सुताराकडे जाऊन आली असं माझ्या कानावर आलं. मग मी कशी मागं राहीन?

सुताराकडून बुटकं रॅक करून घेतलं, पुढून उघडं, लेकराच्या कमरेएवढं. दप्तराच्या खुंट्या खाली आणल्या, प्रत्येक खुंटीवर ज्याचा त्याचा फोटो चिकटवला. माठ पाटावर ठेवला, शेजारी छोटं तांब्या-भांडं. सांडलं तर पुसायला फडकं, तेही हाताशी. बसकरं गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. रॅकवर मणी, डाळी निवडायच्या वाट्या, आणि सरकारी खेळण्यांच्या पेटीतून आलेले रंगीत लाकडी ठोकळे.

आणि काय सांगू — झालं की हो. पहिल्या आठवड्यात सांडलवंड झाली, मी दातओठ खाल्ले, पण दुसऱ्या आठवड्यात लेकरं पाणी ओतून घ्यायला लागली. त्यात एक काजल. तांड्यावरची, साडेचार वर्षांची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, ही आजी-आजोबांजवळ. आधी वर्षभर दाराजवळ बसायची, तोंडातून शब्द नाही. ती पोरगी एके सकाळी उठली, बसकर आणलं, अंथरलं, मण्यांची वाटी घेतली, माळ ओवली, पुन्हा सगळे मणी वाटीत सोडले, वाटी जागेवर ठेवली, बसकर गुंडाळलं. कुणाला काही विचारलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘म्या केलं.’’ मला आनंद झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्याबद्दल चांगलं असं काही येणार नाही.

महिन्याभरात तीन ठोकळे दिसेनासे झाले. एक लाल, एक पिवळा, एक निळा.

दुसरी बाई म्हणाली असती, असतील कुठंतरी. पण मी? मला आधी शांताबाईचा संशय आला, तिचा नातू तेवढाच आहे. मग गावातल्या दोन आयांचा, त्या पोर सोडायला येऊन उगाच घोटाळत. मग संशय जाऊन बसला तिथं, जिथं आमच्याकडे तो नेहमीच जाऊन बसतो. तांड्यावर. उघडं रॅक, खालची खुंटी, हाताला येईल अशी वस्तू — म्हणजे उचलायला निमंत्रणच की, असं मी शांताबाईला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सुट्टीच्या वेळी मी दारात उभी राहून खिसे बघायला लागले. सगळ्यांचे नाही. तांड्यावरच्या पाच लेकरांचे. गावातली लेकरं बाजूनं पळत जायची आणि ही पाच रांगेत उभी. आया बघत होत्या. कुणी काही म्हटलं नाही, आणि कुणी काही म्हणत नाही म्हणजे मी बरोबर आहे, असं मी धरून चालले.

तरी मन थाऱ्यावर येईना. मग मी एक जुनी चादर आणली, रॅकवर टाकली आणि सुतळीनं बांधून टाकली. माठ पुन्हा वर. तांब्या-भांडं कपाटात.

आता तुम्ही विचाराल, मग ती चौकट कशी मिळाली? हेच तर. कुणी बघायला येणार असलं की मी सकाळी चादर सोडायची, माठ खाली घ्यायची. आणि लेकरांची तालीम करून घ्यायची. ‘आपलं आपण’ करायची तालीम! मी खोकले की काजलनं उठून पाणी घ्यायचं. मी पदर सारखा केला की दोघांनी बसकरं आणायची. मी चष्मा काढला की वस्तू जागेवर. लेकरं इतकी तयार झाली होती की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काही सांगावंच लागत नाही. स्वावलंबन, पण माझ्या खोकल्यावर. सर्कशीतल्या वाघालाही एवढी शिकवण नसेल. काजल सगळ्यांत हुशार. तिला खोकल्याचीही गरज नव्हती, मी नुसती मान हलवली तरी कळायचं.

मोठ्या मॅडम जिल्ह्याहून आल्या तो दिवस. बघायला आयाही जमल्या होत्या, दारात काजलची आजी टेकून उभी होती. सगळं ठरल्यासारखं झालं. मॅडम खूश. जाता जाता त्या खाली बसकरावर बसल्या, नेमक्या काजलपुढं, आणि मायेनं विचारलं, ‘‘तू रोज असंच स्वतः घेऊन खेळतेस का गं?’’

मी खोकले. काय उपयोग? बोलायचा खोकला आम्ही ठरवलाच नव्हता.

काजल म्हणाली, ‘‘न्हाई. आज चादर काढली. रोज बांधलेली ऱ्हाती.’’ आणि मग, कुणी न विचारता, ‘‘घरी जाताना बाई आमचे खिसे बघती.’’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. खिसे? कसले खिसे?

इथं थांबावंसं वाटतंय. पण एवढं आल्यावर थांबून काय करू? मी हसले. छान हसले. म्हणाले, ‘‘मॅडम, या पोरीला मनाचं रचून सांगायची सवय आहे. मागं ठोकळे हिच्याच खिशात सापडले होते, तेव्हापासून रागावून आहे माझ्यावर.’’

सगळ्यांसमोर. तिच्या आजीसमोर. काजलच्या खिशात कधी काहीही सापडलेलं नव्हतं. एक मणीसुद्धा नाही.

काजल रडली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आता चष्मा काढते की पदर सारखा करते, पुढं काय करायचं — तेच बघत होती, असं मला वाटतं.

मॅडमनी मान हलवली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, खोटं बोलू नये बाळ, म्हणाल्या. गाडी गेली. मी आजीची वाट बघत उभी राहिले. भांडेल, चार शिव्या घालेल, तांडा गोळा करेल, त्याची तयारी मी मनात करून ठेवली होती. आजी सगळ्या आया जाईपर्यंत थांबली. मग जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाई, कसे ऱ्हातेत ते ठोकळे, येक डाव दाखवा. घर सारं धुंडते. घावले की आणून देते.’’

मी रॅकवरचा एक ठोकळा काढून दाखवला. रंगही सांगितले. लाल, पिवळा, निळा. सांगताना माझी जीभ अडखळली नाही.

तिला ते कुठून सापडणार? चौथ्या दिवशी ती आली, पदरात काहीतरी बांधून. तीन ठोकळे. लिंबाच्या लाकडाचे, काजलच्या आजोबांनी तासलेले, कुसळ लागू नये म्हणून विटकरीनं घासलेले. एकाला कुंकू चोळलेलं, एकाला हळद, एकाला नीळ. म्हणाली, सापडले न्हाईत, हे ठेवून घ्या, पोरीला बोल लावू नका. मी ठेवून घेतले.

आणि काजलचा फ्रॉक. दोन्ही खिसे वरून शिवून टाकलेले होते. काळ्या दोऱ्यानं, घट्ट, जवळजवळ टाके. त्यानंतर ती पोरगी पुढचं वर्षभर आली, पण हात मागं बांधून बसली. मी पुढं रॅक उघडं ठेवलं — हो, ठेवलं, चौकट मिळाल्यावर लोक न सांगता बघायला येऊ लागले ना — सगळं तिच्या हाताशी होतं. ती कशालाच हात लावायची नाही. पाणी प्यायचं असलं तरी उभी राहून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मग.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. मघापासून तिच्याभोवतीच फिरतेय.

ते तीन ठोकळे मला मॅडम येण्याच्या आठ दिवस आधीच सापडले होते.

सेनगावच्या बैठकीत इतर सेविकांना दाखवायला मीच ते नेले होते. येताना पिशवीचा बंद तुटला, घरी आल्यावर पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली, दुसरी पिशवी घेतली, विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना. बंद शिवायला पिशवी काढली तर तळाशी तिन्ही ठोकळे. दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवायचे, एवढंच होतं. पण मग पाच लेकरांचे खिसे बघितले त्याचं काय? शांताबाई काय म्हणेल? आया काय म्हणतील? मी ते शिलाईच्या डब्यात टाकले, वर चिंध्या टाकल्या आणि अंगणवाडीत जाऊन नेहमीसारखे खिसे तपासले. रिकामे आहेत हे माहीत असून तपासले.

म्हणजे काजलबद्दल बोलले तेव्हा मला संशय नव्हता. माहीत होतं. संशयी स्वभावाच्या आड लपायला मला तेवढीही जागा नाही.

शांताबाईला कळलं असावं का? एकदा ती घरी आली होती, सुई मागितली, डबा तिच्या हातात गेला. तेव्हापासून ती माझ्याशी जास्तच गोड बोलते. की मलाच तसं वाटतं? पाच वर्षं झाली, मी अजून तिच्या बोलण्याचा वास घेत असते.

काजल आता शेजारच्या शाळेत चौथीला आहे. तिचे गुरुजी मला एकदा म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण आपणहून हात वर करत नाही, विचारलं तरच बोलते, काय झालंय कोण जाणे. मी म्हणाले, तांड्यावरची लेकरं बुजरीच असतात. लिंबाचे तीन ठोकळे अजून रॅकवर आहेत. हळद उडाली, कुंकू उडालं, निळीची जराशी छटा राहिली. रंगीत सोडून लेकरं आधी तेच उचलतात.

यंदा जूनमध्ये काजलची धाकटी बहीण सोनल अंगणवाडीत आली. तीन वर्षांची, धीट. पहिल्याच दिवशी रॅकपाशी जाऊन वाटी घेतली, कुणाला विचारलं नाही. खिसे बघणं मी केव्हाच बंद केलंय. सुट्टी झाली तेव्हा काजल तिला न्यायला आली. दारात तिनं बहिणीला उभं केलं, दोन्ही हात बाजूला धरायला लावले आणि तिच्या नव्या फ्रॉकचे खिसे एकेक करून उलटे बाहेर काढले. सोनलला तो खेळ वाटला, ती हसत होती. काजल माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘बाई, बघून घ्या. काई न्हाई.’’

मी काय करायला पाहिजे होतं, ते मला माहीत होतं.

मी वाकले आणि बघितलं.