डफडं तर घरीच असेल

"डफडं तर तुमच्या घरीच असेल ना?"

अख्खा ग्रुप ऐकून राह्यला होता तवा सरनं मले हे इचारलं. हासत इचारलं. आपण काही वाईट बोललो असं त्याले वाटलंही नाही. म्हणूनच जास्त लागलं.

त्याच्या आधी आडनाव इचारून झालं होतं. ग्रुपवर मी नुसतं नाव लिवलं होतं. लिवतानी पुस्तकातलं मराठी लिवत होती. त्या रविवारच्या लाईव्हमधी लोकाईनं पयल्यांदा माह्या तोंडचं बोलणं ऐकलं. एका पोट्ट्याच्या गाण्यात ढोलाचा जाड ठोका बरोबर पडत नोता. मी म्हटलं, "मले वाटते, ठोका उलीसा मांगं राहून राह्यला." कोणीतरी खिदळलं. सर म्हणाले, "अरे वा, किती गोड बोलता तुम्ही! यवतमाळच्या ना? पूर्ण नाव काय तुमचं?"

सांगतलं.

सर म्हणाले, "अच्छा, अच्छा." आन लगेच डफड्याचं काढलं. "मग तू तर लहानपणापासून वाजवत असशील!" आडनाव सांगाच्या आधी मी 'तुम्ही' होती. सांगतलं आन 'तू' झाली.

हा ग्रुप म्हणजे घरी बसून कम्प्युटरवर, मोबाईलवर गाणे बनवणाऱ्याईचा. पुण्या-मुंबईचे पोट्टे जास्त. सरचा पुण्यात सोताचा स्टुडिओ. मी घाटंजीले एका ऑनलाईन सेंटरात कामाले. सातबारा काढून देणं, फॉर्म भरणं. या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंड फोडलं का आतमधी अळी वळवळे. नुकसानीचा फॉर्म भराले तालुक्यातून माणसं येत, सेंटरच्या बाहीर उन्हात बसून राहत. माही माय लोकाईच्या वावरात वेचणीले जाये. बोंडच फुटलं नाही त् वेचणार काय? तिचंही काम गेलं. पण तिच्यासाठी फॉर्म नोता. दुपारी लाईट असली आन गिऱ्हाईक नसलं, का त्याच कम्प्युटरवर माहं बीट बनवणं चाले. हेडफोनचा एकच कान चालू होता.

मी ग्रुपवर आली तवा ग्रुप मेल्यासारखा होता. सकाळचे फुलाचे फोटो. नाही त् "कोणाकडे फुकटचे आवाज आहेत का?" बस. एका सकाळी मी सहज लिवलं, "आजचा सवाल: गाणं सेव्ह केलं नव्हतं आणि लाईट गेली, तेव्हा तुम्ही काय केलं?" बाप्पा! लोकं तुटून पडले. कोणी रडला होता म्हणे, कोणी माऊस फेकून मारला होता, एकानं त् तेच गाणं आठवून आठवून पयल्यापेक्षा चांगलं बनवलं होतं. दुसऱ्या दिवशी लोकंच इचाराले लागले, आजचा सवाल कुठं आहे?

मंग मी रोज टाके. भांडे धुतानी, चुलीपाशी, सेंटरात, डोस्क्यात तेच. उद्या काय इचारू? "तुमच्या गावाबाहेर कोणीच ऐकला नसेल असा आवाज कोणता?" हे टाकलं तवा मीही एक आवाज टाकला. वावराच्या मालकाच्या खोलीत कापूस भरत, तवा तो दबाले पाहिजे म्हणून आमच्या इकडच्या पोरी तुडवाले जात. माही लहानी बहीण कापसावर उड्या मारून राह्यली होती, ते मी मोबाईलमधी घेतलं होतं. धप, धप. हळू केलं का जमिनीच्या खालून कोणी ठोकून राह्यलं असं वाटे. ग्रुप येडा झाला त्याच्यावर. कोणी त्याच्यावर गिटार लावली, कोणी बासरी.

सरनं मले मेसेज केला. "ग्रुप तुमच्यामुळे जिवंत झाला. आजपासून चर्चा तुम्ही सांभाळायची." सर ग्रुपचा एक अल्बम काढणार होते. त्यात माहं एक गाणं घेतो म्हणाले. खाली माहं नाव, आन त्याच्यापुढं 'संगीत'. मले जगात तेवढंच पाहिजे होतं. खोटं कायले सांगू.

म्हणून त्या लाईव्हमधी मी "नाही" म्हटलं नाही. "पाहतो सर," म्हटलं.

"पुढच्या रविवारी तू लाईव्ह वाजव," सर म्हणाले. "तो विषयच ठेवू. बघ कशी चर्चा पेटते! आणि लाजायचं काही कारण नाही हं. वाद्याला कुठे जात असते?"

ग्रुपवर एक पोट्टा पेटी वाजवे. त्याले कोणी आडनाव इचारून, मंग पेटी घरी आहे का असं इचारलं नोतं. हे माह्या ध्यानात आलं होतं. मी ते दाबून टाकलं.

आमच्या घरी डफडं नाही. आमच्या वस्तीत कोणाच्याच घरी नाही. माह्या आज्याच्या, आबाजीच्या जवानीत वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. त्याच्या आधी आमचे माणसं गावाच्या लग्नात, मयतीत, पोळ्याले डफडं वाजवत मोहरं चालत. वाजवून झालं का दारापासून दूर बसाचं आन वरतून टाकलं ते पदरात झेलाचं. दीक्षा घेतली आन साऱ्याईनं डफडे चौकात आणून फोडले, पेटवून देल्ले. लगेच गावात एक मोठी मयत झाली. बलावणं आलं. कोणी गेलं नाही. मंग गावानं कामं बंद केले, इहिरीवरचं पाणी बंद केलं. नाल्यात झिरा खोदून वस्ती पाणी प्याली, पण डफड्याले कोणी हात लावला नाही. लहानपणी मी हे इतक्या खेपा ऐकलं का मले त्याचा कंटाळा आला होता. जुनी गोठ वाटे.

डफडं मी शंकरमामाकडून आणलं. शंकरमामा गावातला बँडवाला. मांगवाड्यात राहते. त्याचं पोट त्याच्यावर आहे, आन वाजवते असा का चालता माणूस थांबून राहीन.

"तुले कायले पाहिजे वं पोरी?"

"रेकॉर्डिंगले, मामा."

"तुह्या आबाजीले माहीत हाय?"

मी पोतं मोहरं केलं. मामानं माह्याकडं पाह्यलं, आन पोत्यात घालून देल्लं. "तापवून घेजो. थंडं बोलत नाही ते."

रविवारी दुपारी आंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ केला आन डफडं शेकत बसली. आबाजी विहारातून आला. पांढरे कपडे. फाटकातच उभा राह्यला.

"कोणाच्या दारात वाजवाले चालली?"

"कोणाच्या दारात नाही आबाजी. मोबाईलवर."

"मोबाईलच्या पल्याड कोण बसलं हाय?"

मी सांगतलं. पुण्याचे सर आहेत, ग्रुप आहे, गाण्याचं शिकलेले लोकं आहेत.

"त्याईनं सोता वाजवाचं म्हटलं, का तूच वाजव म्हटलं?"

"मीच."

"बरं," म्हणे.

वरडला असता त् मी भांडली असती. तो वरडला नाही. घरात पायही न टाकता वापस फिरला. माय मांगून म्हणाली, "बुढा जेवला नाही ना वं." मंग माह्यापाशी येऊन बसली. "तुह्यं नाव येत असन त् वाजव. मी जिंदगीभर कापूस वेचला. माहं नाव कोणी नाही इचारलं."

लाईव्ह सुरू झालं. मी खुर्ची ठेवली होती. चांगला ड्रेस घातला होता. मोबाईल डब्याले टेकवला.

"कॅमेरा थोडा मागे घे," सर म्हणाले. "घर दिसू दे. हां. ती चूल राहू दे तशीच, झाकू नकोस. खुर्ची कशाला? खाली बस ना. खालीच बसतात ना वाजवताना?"

मी खाली बसली. आता सांगतानीही आंगाचा जाळ होते. कोणी दोर लावून वढलं नोतं मले. एक शिकला-सवरला माणूस गोड आवाजात "बस" म्हणाला, आन मी मातीत बसली.

डफडं मांडीवर घेतलं. गरम होतं. तेवढ्यात मोबाईलवर खालून एक ओळ वर आली.

"जोहार मायबाप."

त्याच्यामांगं हासणारे तोंडं. मंग अजून एकाचं. मंग धडाधड, सारी स्क्रीन हासणाऱ्या तोंडाईनं भरली. सरनं ते वाचलं. मी पाहून राह्यली होती, सरनं वाचलं आन त्याले हासू आलं. "अरे ए, मस्करी पुरे! बिचारी वाजवतेय ना."

बिचारी!

जोहार. हा शब्द माह्या आज्याच्या बापाले वाकून म्हणा लागे. माह्या आज्यानं तो थुकून टाकला होता. आन मी, सेंटरात कम्प्युटर चालवणारी पोट्टी, ग्रुपची चर्चा सांभाळणारी, तो परत आयकाले आंगणात जाळ करून, डफडं शेकून, चूल दाखवून बसली होती. माहे कान बंद झाले. मंग एकदम साफ झाले.

उठली. डफडं खुर्चीवर ठेवलं. मोबाईल हातात घेतला.

"सर, चर्चा मी सांभाळतो ना?"

"हो, म्हणजे काय."

"मंग आजचा सवाल मी इचारून राह्यली. साऱ्याईनं आपापलं पूर्ण नाव सांगा. आन तुमच्या आजोबाच्या दारात डफडं कोण वाजवे, ते सांगा. त्याले तुम्ही काय देत होते? हातात देत होते का वरतून टाकत होते?"

हासणारे तोंडं थांबले. एकेकाचा कॅमेरा बंद होऊ लागला. कोणीतरी म्हणालं, "हे काय मधेच?" सरचा आवाज बदलला. "हे बघ, इथे जातीचा विषय नको. आपण सगळे संगीतासाठी जमलोय."

"मंग संगीताले माहं आडनाव कायले पाहिजे होतं?"

मले ग्रुपमधून काढून टाकलं. स्क्रीनवर नुसतं माहंच तोंड दिसून राह्यलं होतं.

डफडं शंकरमामाले वापस देल्लं. "वाजवलं का?" म्हणे. "नाही मामा. खाली बसवलं मले." मामानं पोतं खांद्याले लावलं. "मी कोणाच्या दारात खाली बसत नाही आता," म्हणे. "माह्या बापालेही बसवत होते. मी उभ्यानंच वाजवतो."

काही दिवसांनी सेंटरात सरचा फोन आला. समोर फॉर्मवाल्याईची रांग लागली होती. सर म्हणाले, ग्रुप थंडा पडला. म्हणाले, त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नावर लोक अजून भांडतायत, इतकी चर्चा कधीच झाली नव्हती. "परत ये. फक्त दोन ओळींत सॉरी लिही, म्हणजे विषय मिटेल. अल्बममध्ये तुझं नाव टाकतो. प्रॉमिस."

जीव लटकला माहा. 'संगीत' हा शब्द डोयापुढं आला.

"सॉरी कोणं म्हणाचं सर?"

"तूच ना. सुरू तू केलंस."

"सुरू मी नाही केलं. तुम्ही आडनाव इचारलं तवा सुरू झालं. जोहार लिवणारा अजून ग्रुपवर आहे ना?"

"तो लहान आहे गं. मस्करी केली त्याने."

"मंग राहू द्या. आन माह्या बहिणीचा कापूस तुडवाचा आवाज अल्बमातून काढून टाका. तो माहा आहे."

"तो आता सगळ्यांचा झाला," सर म्हणाले.

"नाही झाला."

फोन ठेवला आन पुढच्या माणसाचा फॉर्म हातात घेतला. त्याचं नाव दोनदा चुकीचं लिवलं. तो माणूस म्हणे, "पाणी पे ताई."

अल्बम आला. दुसऱ्या गाण्यात तो आवाज आहे. धपच्या मधात माही बहीण खोकलते, तो खोकलाही त्याईले काढता आला नाही. खाली सरचं नाव आहे. ग्रुपवर आता दुसरंच कोणी रोजचा सवाल टाकते म्हणतात. जमते त्याले.

मी गप नाही बसली. आबाजीले मोबाईलपुढं बसवलं, खुर्चीवर. त्याले एकच इचारलं, कोणाकोणाच्या दारात वाजवा लागे? त्यानं डोये मिटले आन एकेक घर सांगतलं. गल्लीनं चालत गेल्यासारखा. घराचं नाव, आन त्या घरानं कसं टाकलं ते. त्याच्या आवाजाखाली मी काहीच लावलं नाही. ढोल नाही, बासरी नाही. तो जिथं थांबला तिथं थांबू देल्लं.

त्यातलं एक घर सेंटरच्या मालकाचं आहे. त्याच्या आज्याचं नाव आबाजीनं साफ घेतलं आहे. मायनं ऐकलं आन म्हणाली, "तेवढं एक काढ ना वं. या साली दुसरं काम कुठं भेटन?" ती खोटं बोलत नाही. बोंडं सडले, वेचणी नाही, घरात सेंटरचाच आधार आहे. मालकानं ऐकलं त् दुसऱ्या दिवशी मले खुर्चीवर बसू देणार नाही, हे मले माहीत आहे.

तरी ते रेकॉर्डिंग मी साऱ्याईले ऐकाले इंटरनेटवर टाकून राह्यली. आबाजीचं पूर्ण नाव, माहं पूर्ण नाव. कोणाले बोलाचं असन त् आता त्याच्यावर बोला, सारे मिळून बोला. काम गेलं त् गेलं. ते घर मी काढणार नाही.